नळीचे दुसरे टोक

१

मंगळवारी दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी, फिरत्या ग्रंथालयाच्या गाडीत, सर्वांत मागच्या आणि सर्वांत खालच्या फळीपुढे, शिवणकाम करणाऱ्या एक बाई बेशुद्ध पडल्या. त्यांच्या हातात एका रहस्यकथेचा दुसरा भाग होता. लोकांनी त्यांना उचलून सावलीत ठेवले, वारा घातला. दहा मिनिटांत त्या उठून बसल्या आणि पुस्तक कुठे आहे, असे त्यांनी आधी विचारले. गाडीच्या मागच्या भागात पेट्रोलचा वास कोंदला होता.

इथवर ही दुर्घटना होती. तिचा गुन्हा व्हायला पाऊण तास लागला, कारण ग्रंथालयाच्या कार्यवाहांना तिथे पोहोचायला तेवढा वेळ लागला. त्यांनी गाडीची झडती घेतली, आणि मागच्या फळीवर, जाड शब्दकोशांच्या आड, त्यांना हातभर लांबीची काळी रबरी नळी सापडली.

गाडी चालवणाऱ्या मुलीला सगळे वाचक गाडीताई म्हणतात. त्याच संध्याकाळी तिच्याकडून किल्ली काढून घेण्यात आली. ग्रंथालय समितीची सदस्य म्हणून कार्यवाहांचा चार पानी अहवाल दुसऱ्या दिवशी माझ्या हाती आला. मी एकतीस वर्षे तर्कशास्त्र शिकवले आहे, आणि वाईट अनुमाने वाचण्यात माझे बरेचसे आयुष्य गेले आहे. हे अनुमान वाईट नव्हते, आणि तेच भयंकर होते.

कार्यवाहांच्या परिपत्रकाप्रमाणे दर सोमवारी संध्याकाळी टाकी काठोकाठ भरली जाते. मंगळवारी सकाळी नऊ वाजता गाडीताईने स्वतः गाडी मिस्त्रींकडे नेली होती, आणि मिस्त्रींनी सहीनिशी लिहून दिले होते: "मागून कण्हल्यासारखा आवाज. पंप ठीक. वास नाही." बारा वाजता मात्र वासाने माणूस पडले. टाकीचे झाकण उघडून पाहिले, तेव्हा पेट्रोल काठापासून कितीतरी खाली गेलेले होते. गाडीत नळी होती. म्हणून नऊ ते बाराच्या दरम्यान चालकाने नळीने पेट्रोल काढले, काढताना ते गाडीत सांडले, आणि सांडलेल्याच्या वाफेने बाई पडल्या.

समितीची बैठक सोमवारी होती. ठराव दोन होते: चालकाला बडतर्फ करावे, आणि गाडी कायमची बंद करावी. दुसऱ्या ठरावाने अकरा थांब्यांवरची पुस्तके जाणार होती. पहिल्याने एक माणूस जाणार होते. चोरीचा डाग असलेल्या चालकाच्या हाती कोणी हातगाडीसुद्धा देत नाही.

अनुमानाचा सांधान् सांधा घट्ट होता. अशा वेळी खोटे कुठे शोधायचे असते, हे मी विद्यार्थ्यांना पहिल्याच तासाला सांगत असे. ते सांध्यांत नसते, विटांत असते. या भिंतीतली सर्वांत भक्कम वीट होती ती मिस्त्रींची सही.

२

गाडीताई आई आणि धाकट्या बहिणीबरोबर दोन खोल्यांत राहते. मी गेले तेव्हा ती गॅसची शेगडी सुटी करून घासत बसली होती. हाताला काम नसले की तिला असले काहीतरी लागते, असे तिच्या आईने दारातच सांगितले.

वास तीन आठवड्यांपासून येतो, असे ती म्हणाली. मंगळवारी सकाळी सर्वांत उग्र, बुधवारी पातळ, गुरुवारी जवळजवळ नाहीच. मंगळवारी गाडी सुरू होतानाही खोकते. तासभर चालली की मागून कण्हायला लागते, आणि टाकीचे झाकण फिरवले की मोठा उसासा टाकून गप्प होते. हे सगळे तिने गाडीच्या नोंदवहीत तीनदा लिहिले होते. वही तिने माझ्यापुढे ठेवली. तिच्या तिसऱ्या नोंदीपुढे, शेऱ्याच्या रकान्यात, कार्यवाहांचे वळणदार अक्षर होते: "पेट्रोलच्या गाडीस पेट्रोलचा वास येणारच."

मी ते वाक्य दोनदा वाचले. रागाने माझे हात थंड पडतात. ते मी पदराखाली घेतले.

"नळी तुझी आहे का?"

"नाही. मी ती पाहिलीसुद्धा नव्हती."

"मिस्त्रींनी गाडी तपासली तेव्हा तू कुठे होतीस?"

"बाहेरच्या बाकावर. काका तपासताना कुणाला जवळ उभं राहू देत नाहीत. गेल्या दोन वर्षांत तर कुणालाच नाही." ती किंचित हसली. "काकू असत्या तर चहा तरी मिळाला असता. गाडी आली की काकू चहा घेऊन जिना उतरतात, गाडीभोवती एक फेरी मारतात, काकांशी दोन शब्द बोलतात आणि वर जातात. गल्लीत सगळे म्हणतात, मिस्त्रीणबाई खाली उतरल्याशिवाय मिस्त्रींचा पाना हलत नाही. आता त्या लेकीच्या बाळंतपणाला गेल्यात."

मग तिचे हसू गेले. शेगडीची कडी तिने खाली ठेवली.

"बाई, काका माझ्यासमोर कागदावर 'वास नाही' लिहीत होते, तेव्हा माझे डोळे चुरचुरत होते."

३

मिस्त्री खोटे का बोलतील? पैसे खाणारा माणूस तो नव्हे, असे ज्याला विचारावे तो सांगत होता. पण "तो तसा नव्हे" हा पुरावा नसतो. म्हणून मी आधी बाकीच्यांकडे गेले.

गाडी जिथे उभी असते त्या आवाराचा पहारेकरी माझी वाट पाहत असल्यासारखाच बसला होता. चोर म्हणून पहिला मान त्याचाच होता. तीन आठवड्यांपूर्वी संध्याकाळी काठोकाठ दिसणारे पेट्रोल सकाळी चार बोटे खाली दिसले, तेव्हा कार्यवाहांनी त्याला उभे करून विचारले होते. त्यानंतर आवाराच्या फाटकाला नवे कुलूप बसले. त्याची एकुलती एक किल्ली कार्यवाहांच्या खिशात गेली, आणि तरीही पेट्रोल सकाळी चार बोटे खालीच दिसत राहिले.

"मी झोपतो हे खरं आहे, बाई," पहारेकरी म्हणाला. "पण पेट्रोल पीत नाही."

बंद फाटकाच्या आत, एकाच किल्लीच्या पहाऱ्यात, दर सोमवारी रात्री चार बोटे पेट्रोल नाहीसे होत होते. अहवालात या गोष्टीचा उल्लेख नव्हता. ज्या वस्तुस्थितीने चोर चुकीचा ठरतो ती वस्तुस्थिती अनावश्यक असते.

शिवणकाम करणाऱ्या बाई यंत्रावर वाकून एका सदऱ्याला गळपट्टी जोडत होत्या. त्यांना आता बरे होते, फक्त दुसरा भाग अजून हाती लागला नव्हता. वास कुठून आला, असे मी विचारले. त्यांनी पाय थांबवला आणि नीट आठवून सांगितले. उभ्या होत्या तोवर थोडासाच होता. खालच्या फळीसाठी त्या बुटक्या स्टुलावर बसल्या, मग वाकल्या, आणि तिथे तो एकदम अंगावर आला. जमीन ओली होती का? मुळीच नाही. पदर जमिनीला टेकला होता, आणि तो कोरडाच होता.

"खालून येत होता," त्या म्हणाल्या. "विहिरीत डोकावल्यावर गार वारा येतो ना, तसा."

पेट्रोलची वाफ हवेहून जड असते. ती जमिनीलगत साचते, हे खरे. पण जे सांडले नाही त्याची वाफ कशी होईल? वाकलेल्या बाईंना जे दिसले नव्हते ते आम्हा सर्वांच्या नाकाखाली होते. फरक एवढाच, की कोणी नाक तिथे नेले नव्हते.

या विचारानेच मला नळी आठवली.

४

कार्यवाहांनी नळी कपाटात, कागदी पाकिटात, मोहोर लावून ठेवली होती. ती पाहायची आहे म्हटल्यावर त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले.

"बाई, तुमचं तर्कशास्त्र वर्गात शोभतं. इथे मुद्देमाल समोर पडलाय."

तरीही समितीच्या सदस्याला नकार देता येत नाही, असे त्यांच्याच नियमावलीत होते. त्यांनी मोहोर फोडली.

नळी माझ्या कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत पोहोचेल एवढीच होती. गाडीच्या टाकीची मानच त्याहून लांब असते. या नळीने टाकीतले पेट्रोल काढायचे तर चोराला आधी टाकीत उतरावे लागले असते. तिचे एक टोक साधे कापलेले होते. दुसऱ्या टोकाला मऊ कापडाची पट्टी गुंडाळून तिला छोट्या गोळ्यासारखा आकार दिला होता. कापड काळजीपूर्वक टाचलेले होते, बारीक, एकसारख्या टाक्यांनी. ते टाके पुरुषाच्या हातचे नसावेत असे मला वाटले, पण ते मी मनातच ठेवले.

मग मी ते टोक नाकाशी नेले.

चार पानांच्या अहवालात या नळीच्या वर्णनाला सहा ओळी दिल्या होत्या. लांबी होती, रंग होता, सापडल्याची वेळ मिनिटासकट होती. नळीचा वास घ्यावा असे मात्र एकाही विद्वानाला सुचले नव्हते. पेट्रोल चोरणाऱ्या त्या नळीला पेट्रोलचा लवलेशही वास नव्हता. कापडाच्या टोकाला डोक्याच्या तेलाचा वास होता.

डोक्याचे तेल नळीला लागते, ते ती डोक्याशी नेली तरच. आणि कापडाचा तो गोळा बरोबर कानात बसेल एवढा होता.

मी नळी पाकिटात परत घातली, कार्यवाहांचे आभार मानले, आणि सरळ मिस्त्रींच्या गॅरेजकडे निघाले.

५

गॅरेजच्या उंबऱ्यावरच मला करपलेल्या दुधाचा वास आला. तो साधासुधा नव्हता. अख्खे गॅरेज त्याने भरले होते. मिस्त्री आतल्या शेगडीपासून चार हातांवर एका उघड्या बॉनेटखाली वाकलेले होते. मला पाहून त्यांनी हात पुसले, बाक झाडला, बसा म्हणाले. बायको गावाला गेल्यामुळे चहा आपल्याच हातचा प्यावा लागेल, अशी त्यांनी आधीच माफी मागितली. मग शेगडीवरचे दूध त्यांनी शांतपणे चहात ओतले आणि एक पेला माझ्यापुढे ठेवला.

मी तो ओठांपर्यंत नेऊ शकले नाही. त्यांनी आपला शेवटच्या घोटापर्यंत संपवला.

मिस्त्रींनी माझ्या भरलेल्या पेल्याकडे पाहिले, मग आपल्या रिकाम्या पेल्याकडे, मग शेगडीवरच्या पातेल्याकडे, ज्याच्या बुडाशी काळा थर धरला होता. ते उठले, पातेले उचलून मोरीत ठेवले आणि पाठ फिरवूनच उभे राहिले.

"दूध लागलं होतं का?"

"हो."

"फार?"

"गल्लीच्या तोंडापासून येतोय वास."

ते परत येऊन बाकावर बसले. आता त्यांचा आवाज खाली आला होता.

"दोन वर्षं झाली, बाई. ताप आला, ताप गेला, जाताना नाक घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले येईल परत. आलं नाही. आंधळ्या शिंप्याकडे कापड कोण टाकतं? म्हणून ही खाली येते. चहाचं निमित्त करते, फेरी मारते, आणि जाता जाता मला सांगते, पेट्रोलचा येतोय, ऑइल जळतंय, क्लच जळालाय. बाकीचं मी कानानं काढतो. कानाला नळी हिनंच करून दिली."

"आणि मंगळवारी त्या इथे नव्हत्या."

"नव्हत्या. आणि पोरगी समोर उभी होती. वास येतोय म्हणाली. मी म्हटलं, आता मला विचारील कशाचा. मग लिहून टाकलं, नाही."

मी आयुष्यात बरीच खोटी विधाने पाहिली आहेत. लोभापोटी केलेली, भीतीपोटी केलेली, निव्वळ आळसापोटी केलेली. यापैकी कशाची कीव करावी असे मला कधी वाटले नव्हते; लाजेपोटी केलेल्या या विधानाची मात्र कीव आली. तरीही मी विचारले ते कठोरपणेच विचारले.

"त्या मुलीच्या नावावर चोरी लागली. नळी तुमची. तुम्ही गप्प राहिलात."

"रोज सकाळी कपडे घालून निघतो," मिस्त्री म्हणाले. "कोपऱ्यापर्यंत जातो. परत येतो."

६

माणसाला लाजवून सत्य मिळत नाही, फक्त कबुली मिळते. मला कबुली मिळाली होती. वास कुठून आला हे अजून मिळायचे होते. म्हणून मी विषय त्यांच्या हातच्या कामाकडे नेला. त्या दिवशी नळी कुठे लावली होती?

बोलता बोलता ते खुलले. आधी इंजिनाला, मग खालून टाकीला. पंप ठणठणीत होता, पण टाकीचा श्वास कोंडल्यासारखा आवाज येत होता. नीट ऐकू यावे म्हणून ते गाडीच्या आत गेले. सर्वांत मागच्या, सर्वांत खालच्या फळीखाली एक भोक आहे. फळ्या ठोकताना सुताराने चुकून पाडले आणि फळीआड झाकले गेले. त्या भोकात नळी लावली की खालचा आवाज कानात बोलल्यासारखा येतो. ऐकून झाल्यावर नळी तिथेच शब्दकोशांमागे राहिली.

"त्या भोकातून आवाज वर येतो," मी म्हणाले. "मिस्त्री, आवाजाबरोबर आणखी काय येत असेल?"

ते बाकावरून उठले आणि हवेतच हाताने गाडीचा तळ आखू लागले. इथे टाकी, इथे तिची मान, आणि इथे, बरोबर त्या भोकाखाली, कोळशाचा डबा. मला तो डबा माहीत नव्हता. त्यांनी सोप्या शब्दांत सांगितले. टाकीतल्या पेट्रोलची वाफ बाहेर सुटू नये म्हणून ती कोळशाच्या दाण्यांच्या डब्यात धरून ठेवतात, आणि गाडी चालू झाली की इंजिन ती ओढून घेते. टाकीत बाहेरची हवा येते तीही याच डब्यातून. डब्याला वाफ चालते. पेट्रोल चालत नाही. पेट्रोल गेले की दाणे भिजतात, फुटतात, हवेची वाट बुजवतात. मग टाकीचा श्वास कोंडतो, गाडी कण्हते, झाकण उघडले की उसासा टाकते. आणि गाडी चालून डबा वाळेपर्यंत, दोन दिवस, तो वास मारत राहतो.

"मंगळवारी उग्र, बुधवारी पातळ, गुरुवारी नाही," मी म्हणाले.

"हे तिनं सांगितलं होतं?"

"नोंदवहीत तीनदा लिहिलंय."

मिस्त्रींनी डोळे मिटून घेतले. त्यांचा कान आणि तिचे नाक एकत्र आले असते तर हे कोडे मंगळवारी सकाळी साडेनऊलाच सुटले असते. कान तिथे होता, नाक तिथे होते, आणि दोघांच्या मध्ये एका माणसाची लाज बसली होती.

"पण बाई, पेट्रोल त्या डब्यात आपोआप जात नाही," ते म्हणाले. "जायला एकच वाट आहे. टाकी भरली की नॉझल टक करून थांबतं. त्याच्यावरही कुणी कोंबत राहिलं तरच जातं. एकदा नव्हे, दर वेळी."

टाकी दर वेळी कोण भरून घेतो, हे मी अहवालाच्या पहिल्या पानावर वाचले होते.

७

पेट्रोलपंपावरच्या माणसाने काहीच लपवले नाही. उलट कोणीतरी विचारावे म्हणून तो थांबला होता असे वाटले. दर सोमवारी संध्याकाळी साहेब स्वतः येतात. नॉझल टक करते, साहेब म्हणतात अजून घाल. पुन्हा टक होते, पुन्हा घाल. मग साहेब गाडीचा मागचा भाग धरून हलवतात, बुडबुडे जिरवतात, आणखी घालायला लावतात, आणि पेट्रोल मानेच्या काठाशी डोळ्यांनी दिसू लागले की मगच झाकण लावतात.

"नॉझल नको म्हणतं, साहेब हो म्हणतात," तो म्हणाला. "ऐकावं कुणाचं? नॉझल काही माझी तक्रार करणार नाही."

बैठक सोमवारी सकाळी होती. ती आवारात, गाडीशेजारी घ्यावी असा मी आग्रह धरला. मिस्त्री येतील की नाही, मला खात्री नव्हती. गाडीताई एका बाजूला उभी होती; पहारेकऱ्याने तिच्यासाठी आपली खुर्ची आणून ठेवली होती, पण ती बसली नाही. कार्यवाहांनी अहवाल वाचला. वाचून झाल्यावर मी त्यांना फक्त एक विनंती केली: टाकी काठोकाठ भरण्याची पद्धत त्यांनी सभेला समजावून सांगावी.

त्यांनी ती अभिमानाने सांगितली. पेट्रोलची चोरी होते असा त्यांना महिन्यापूर्वी संशय आला. काटा खोटे बोलू शकतो; डोळे बोलत नाहीत. म्हणून काठापर्यंत भरायचे, म्हणजे थेंब जरी गेला तरी दिसेल. आणि तो दर वेळी गेलेला दिसत होता.

"पुढचं मी सांगतो," फाटकापाशी कोणीतरी म्हणाले.

मिस्त्री धुतलेल्या कपड्यांत आले होते. एका हातात पान्यांची पिशवी होती. त्यांनी गाडीताईकडे पाहिले, मग सभेकडे वळले, आणि उन्हात उभे राहून, जे दोन वर्षे गल्लीपासून लपवले होते ते तीन वाक्यांत सांगून टाकले. मला वास येत नाही. मंगळवारी मी 'वास नाही' असं लिहिलं ते खोटं होतं. नळी माझी आहे, मी ती कानाला लावतो. सांगून होताच त्यांनी टाकीचे झाकण फिरवले; गाडीने लांब उसासा टाकला, सर्वांनी तो ऐकला. मग ते गाडीखाली सरकले.

दहा मिनिटांनी त्यांनी वहीएवढा काळा डबा बाहेर काढला आणि पत्र्याच्या परातीवर उपडा केला. मंगळवारपासून गाडी चाललीच नव्हती, त्यामुळे डबा अजून भिजलेलाच होता; आधी पेट्रोल ठिबकले, मग त्याची धार लागली, मग ओले काळे दाणे पडले. वासाने पुढच्या रांगेतले सदस्य मागे सरले. गाडीने लांब उसासा टाकला, सर्वांनी तो ऐकला. मग मिस्त्रींनी माझ्या हातात बॅटरी दिली, आणि सदस्यांना गाडीत चढून सर्वांत खालच्या फळीपाशी वाकायला सांगितले. मी गाडीखालून बॅटरी वर धरली. वाकलेल्या सहा विद्वानांच्या चेहऱ्यांवर, फळीआडच्या भोकातून, प्रकाशाचा एक ठिपका पडला.

मी शक्य तेवढ्या कमी शब्दांत समारोप केला. दर सोमवारी रात्री नाहीसे होणारे चार बोटे पेट्रोल चोर नेत नव्हता. ते कार्यवाह स्वतः डब्यात कोंबत होते, आणि सकाळी ते कमी दिसले म्हणून पुढच्या सोमवारी अधिक जोराने कोंबत होते. चोर पकडण्याच्या उपायातूनच चोरीचा पुरावा तयार होत होता. संशयाला इतके स्वावलंबी झालेले मी प्रथमच पाहिले.

कार्यवाह परातीपाशी आले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मी त्यांच्याकडून एखाद्या नियमाची अपेक्षा करत होते. पण ते गाडीताईपाशी गेले आणि खिशातून गाडीची किल्ली काढून दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरली.

"तुम्ही तीनदा लिहिलं होतं," ते म्हणाले. "मी वाचलं नाही. नुसता शेरा मारला."

हे वाक्य त्यांनी इतिवृत्तातही जसेच्या तसे लिहिले. माझा त्यांच्यावरचा राग त्या दिवसापासून निम्मा झाला. उरलेला निम्मा मी पुढच्या परिपत्रकासाठी राखून ठेवला आहे.

८

डबा नवा बसला, भोक बुजले, परिपत्रक मागे घेतले गेले. नॉझल टक म्हणाले की आता टक. मिस्त्रींकडे आठवडाभर कोणी फिरकले नाही, आणि मला वाटले की आंधळ्या शिंप्याबद्दलचे त्यांचे म्हणणे खरे ठरणार. आठव्या दिवशी मिस्त्रीणबाई नात झाल्याची बातमी घेऊन परतल्या. झाला प्रकार ऐकून त्यांनी नवऱ्याला काय सुनावले ते गल्लीने ऐकले, पण मला कोणी सांगितले नाही. दुसऱ्या दिवशी गॅरेजवर नवी पाटी होती. वर लिहिले होते: "आवाज मिस्त्री ऐकतील. वास मिस्त्रीणबाई घेतील." चहाचे निमित्त संपल्यामुळे त्या आता स्टूल टाकून खालीच बसतात. पहिली गाडी पेट्रोलपंपावरच्या माणसाच्या मेहुण्याची आली, दुसरी पहारेकऱ्याच्या भावाची. शनिवारपर्यंत रांग बाकाच्या बाहेर गेली होती.

त्यानंतरच्या मंगळवारी, नव्या डब्यासह पहिल्या फेरीआधी, गाडीताईने गाडी तपासणीला नेली. मीही गेले होते. शिवणकाम करणाऱ्या बाईंसाठी दुसरा भाग मी स्वतः मागच्या फळीवर काढून ठेवला होता. खुनी कोण हे त्यांना आणखी एक दिवस न कळणे मला अन्यायाचे वाटत होते. मिस्त्रींनी नळी कानाला लावली, इंजिन ऐकले, टाकी ऐकली, समाधानाने मान हलवली. मिस्त्रीणबाई पदर खोचून फेरीला निघाल्या, तर मिस्त्रींनी त्यांना हाताने थांबवले.

"आज तिला घेऊ दे," ते बायकोला म्हणाले, आणि गाडीताईकडे वळले. "जा. आणि जे येईल ते खरं सांग."

ती मागे जाऊन वाकली, सर्वांत खालच्या फळीपर्यंत. बराच वेळ वर आली नाही. मिस्त्री कागद आणि पेन घेऊन थांबले होते, पेनाचे टोक "वास" या शब्दापुढे टेकवून.

तिने सांगितले. त्यांनी मान वर करून एकदा तिच्याकडे पाहिले, आणि जसे ऐकले तसेच लिहिले. खाली दोघांनी सह्या केल्या. तो कागद मी मागून घेतला आहे. त्यावर लिहिले आहे: "आवाज ठीक. वास आहे. जुन्या पुस्तकांचा."